उसना पैलवान

बाळंतिणींच्या वॉर्डात तिला सगळे फौजदारीण म्हणत, तेही ती पाठमोरी असताना. नवजात बाळांच्या खोलीची ती मुख्य सिस्टर. हात न धुता बाळाला शिवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही तिने एकदा दाराबाहेर उभं केलं होतं. अशी बाई खोटं बोलेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण साथ आली आणि भल्याभल्यांची भंबेरी उडाली, तिथे फौजदारीण कुठली सुटायला.

साथीतला नियम असा, की आईला लागण असेल तर बाळ जन्मताच वेगळं करायचं. आई वरच्या मजल्यावर, बाळ खाली काचेच्या खोलीत. नातेवाइकांना तर फाटकाच्या आत पाऊल टाकायची बंदी. मग सिस्टरांनीच एक रीत पाडली. दुपारी बाळांचं दूध पिऊन झालं की खालून एकीने मोबाइलवर बाळ दाखवायचं आणि वर दुसरीने तो फोन आईच्या डोळ्यांसमोर धरायचा. तेवढ्यावर बाया दुसरी दुपार गाठत.

खिडकीजवळच्या खाटेवरची बाई पहिलटकरीण होती. सगळ्या तिला खिडकीवाली म्हणत. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि शब्द बोलायला गेली की धाप. तिचं बाळ संध्याकाळी जन्मलं आणि उजाडायच्या आत गेलं. फुप्फुसंच धड उघडली नाहीत. फौजदारिणीने त्याला स्वतःच्या हाताने गुंडाळलं आणि पालिकेची माणसं त्याला बंद पिशवीत घालून फाटकातून घेऊन गेली. नवरा फाटकाबाहेर उभा होता, त्याला फोनवर कळवलं.

"सिस्टर, तिला एवढ्यात सांगू नका," तो म्हणाला. "तीपण जाईल."

डॉक्टरीणबाईंचंही तेच मत पडलं. ऑक्सिजन सुटेपर्यंत थांबू, म्हणाल्या.

थांबू म्हणायला काय जातं? दुपारी मोबाइलची वेळ झाली आणि वरच्या सिस्टरचा दबका आवाज आला, "खिडकीवाली विचारतेय, माझं कुठंय? काय सांगू?" फौजदारिणीचा हात शेजारच्या पाळण्याकडे वळला. तिथे पैलवान झोपला होता. हे नाव दुपटी बदलणाऱ्या आयाबायांनी ठेवलेलं. गुटगुटीत गडी, हनुवटीला खळी, आणि भूक लागली की सगळी खोली डोक्यावर घ्यायचा. त्याची आई बाळंतपणानंतर साथीतच गेली होती आणि घरचे सगळे आजारी, त्यामुळे न्यायला कुणी आलं नव्हतं. दुपट्यात घट्ट गुंडाळलं की पायाला बांधलेला नावाचा पट्टा दिसत नाही. फौजदारिणीने मोबाइल त्याच्यावर धरला.

वर खिडकीवाली मास्कआड हसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा चार घास जेवली.

मग ते रोजचंच झालं. पैलवानाने जांभई दिली की वर खिडकीवालीच्या डोळ्यांत पाणी. एकदा तिने थांबत थांबत सांगितलं, "ही खळी... आमच्या सासऱ्यांची." ते ऐकून फौजदारिणीने घाईने मोबाइल बंद केला. पण बाई सुधारत होती, औषधाने नाही तेवढी त्या खळीने. आणि वाईट म्हणजे फौजदारिणीला त्यात गोडी वाटू लागली. इकडे आई नसलेलं बाळ, तिकडे बाळ नसलेली आई. तिने मनातल्या मनात बेरीज मांडूनही टाकली. असले हिशेब माणसाने मांडू नयेत, मांडणाऱ्याला नेमका हातचा दिसत नाही.

"बाई, उसनं आणलेलं परत करावं लागतं हो," दुपटी घड्या करता करता म्हातारी आया म्हणाली.

"तू दुपट्यांकडे बघ," फौजदारीण खेकसली.

एकदाचा ऑक्सिजन सुटला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला आत घ्यायचं आणि दोघांना बसवून सांगायचं असं ठरलं. सांगायचं कुणी? तर फौजदारिणीने, कारण बाईचा तिच्यावर विश्वास. ती घरी जाऊन वाक्यं घोकत बसली.

पण सकाळीच पैलवानाची आजी आली. नुकती बरी झालेली, काठी टेकत. कागद चोख होते. फौजदारिणीने पैलवानाला तिच्या कुशीत दिलं. नेमकी त्याच वेळी खिडकीवाली कुणालाही न विचारता, भिंत धरत धरत जिना उतरून काचेपाशी आली होती. बाळाला बघायची घाई, दुसरं काय.

तिने खळी ओळखली.

"अहो, माझं बाळ कुणाला देताय?" ती काचेवर हात आपटू लागली. आजी घाबरली आणि नातवाला छातीशी धरून मागच्या दाराने निघून गेली.

फौजदारिणीने खिडकीवालीला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. घोकलेलं एकही वाक्य आठवलं नाही, तोंडाला आलं ते सरळ खरं होतं. खिडकीवालीने ते ऐकून घेतलं.

"गेलं म्हणता, तर मी रोज कुणाला बघत होते?"

"ते दुसऱ्याचं होतं. मी खोटं बोलले."

"खोटं तर तुम्ही आत्ता बोलताय."

तिला कसं पटवणार? देह उरला नव्हता. मेलेल्या बाळाचा चेहरा पाहिलेली माणसं सगळी दवाखान्यातलीच. कागद दाखवले तर ती म्हणाली, बाळ विकणारे कागद करतातच. बाईने झिंज्या उपटल्या असत्या तरी फौजदारिणीला बरं वाटलं असतं.

दुपारी नवरा आला आणि फौजदारिणीच्या जिवात जीव आला. निदान हा तरी माहितगार, त्यानेच तर सांगू नका म्हटलं होतं. तो बायकोपाशी बराच वेळ बसला. ती त्याला जांभया सांगत होती, उचक्या सांगत होती, खळी सांगत होती. मग तो उठून बाहेर आला. इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला.

"सिस्टर, मी तर नुसती पिशवी पाहिली होती. तीही लांबून."

फौजदारीण मृत्यूची नोंदवही आणायला वळली.

"मी तक्रार करणार नाही," तो म्हणाला. "फक्त बाळ नेलेल्या त्या म्हातारीचा पत्ता सांगा."