मुलींच्या खोलीतली भरलेली घागर

जरा हळू बोलते हं. मोठ्यानं बोललं की माझ्याच पोटातलं पाणी हलतं. मी घागर बोलतेय, मातीची, श्रीगोंदा तालुक्यातल्या एका हायस्कुलातली.

भट्टीतून निघाले तेव्हा कुंभारानं बोटानं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "वाजती चांगली." तेव्हापासून कुणी जवळ आलं की मला धस्स होतं. शाळेनं मला एका रांजणाबरोबर विकत घेतलं. रांजण मुलांसाठी, व्हरांड्यात. मी मुलींच्या खोलीत, तिवईवर. तिवईचा एक पाय आखूड, त्याचा घोर वेगळाच.

मुलं हुतूतू खेळून आली की मळक्या हातांनीच रांजणात पेला बुडवायची. निम्मं पाणी पोटात, निम्मं डोक्यावर. मुली मात्र हात धुऊन डबा उघडायच्या. नखांच्या तपासणीत त्यांचा पहिला नंबर. पण त्या धावायच्या नाहीत आणि पाणी प्यायच्या नाहीत. चूळ भरायची आणि टाकून द्यायची, एवढंच.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाणी टँकरनं येऊ लागलं. एका सकाळी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक म्हणाले, "मुलींची घागर संध्याकाळीही भरलेली असते. मुलांनो, हा संयम त्यांच्याकडून शिका."

त्या दिवसापासून चूळसुद्धा बंद झाली. कौतुक झालेल्या घागरीतलं पाणी कमी कोण करणार? शिपाई आसाराम तर मला भरायलाच विसरू लागला. म्हणायचा, "पोरींना तहानच कमी आसती."

खोटं होतं ते. मी रोज ऐकत होते ना. नववीतली लंका आणि तिची मैत्रीण गोजर माझ्याशेजारीच बसायच्या.

"लंके, व्हट बघ कसं फुटल्यात. घोटभर पी की."

"पिऊन जाऊ कुठं? तुझ्या डोक्यावर?"

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मुलांना शाळेमागची बाभळीची रांग होती. मुलींना शाळा सुटेपर्यंत दम धरणं होतं. लंका लांबच्या वस्तीवरून चालत यायची, म्हणून घरूनही न पिताच निघायची.

एके दिवशी ती बाकावर पोट दाबून बसली. अंग तापलं होतं. नंतर तिची जागा रिकामीच दिसू लागली आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना.

मग तिचे वडील भिमाजी आले, तिचं नाव काढायला. माझ्या खोलीच्या दारातच मुख्याध्यापकांशी बोलणं झालं.

"डाक्टर म्हंतो, आतून जळजळ हाय, पानी प्येत न्हाई पोरगी. सर, आजारी पाडायला साळंत धाडू व्हय? बास झाली साळा."

"मुलींची प्रकृतीच नाजूक असते," सर म्हणाले.

गोजर खोलीतून बाहेर आली. "नाजूक न्हाई, सर. आमाला जायाला जागा न्हाई. म्हणून आमी पीत न्हाई. सगळ्याच."



"मंग आधी का न्हाई सांगितलं?" भिमाजींनी विचारलं.

"कुणाला सांगायचं, तात्या? तुमाला लंकी सांगू शकली का?"

भिमाजी वळले आणि चालू लागले. वाटलं, झालं, संपलं सगळं. पण दुसऱ्या दिवशी ते बैलगाडीतून उसाचं पाचट आणि लाकडाच्या मेढी घेऊन आले. खोलीमागं खड्डा खणला, भोवती उंच कूड बांधला, दाराला गोणपाट लावलं. सर दोनदा तिकडून गेले आणि दोन्ही वेळा दुसरीकडे पाहिलं. भिमाजी जाताना एवढंच म्हणाले, "येऊ द्या तिला. पर आनखी एकदा ताप आला, तर नाव काढनार."

आता माझं पाणी दुपारीच तळाला जातं. आसाराम कुरकुरतो. टँकर उद्या येईल की नाही, ही धास्ती मला असतेच. वारा सुटला की पाचट सळसळतं आणि मी दचकते, कूड पडला की काय.

पण लंका येते. अजून सवय सुटलेली नाही तिची. पेला हातात घेते, दाराकडे पाहते, दोन घोट घेते आणि थांबते.

बाई गं, माझं बोलणं तुला ऐकू आलं असतं तर सांगितलं असतं, कौतुकाचं मनावर घेऊ नकोस. गोजर दारात उभी आहे, कुणी येणार नाही. पेला संपव, आणि अजून एक भरून घे.