आम्हा दोघींची तपासणी

जुनी म्हणाल तर मी जुनीच आहे, मित्रांनो. दार उघडताना मी खोकते, चढणीला धापा टाकते आणि पावसात छताच्या एका कोपऱ्यातून ठिबकते. पण मी अजून रस्त्यावर आहे आणि पोटात पुस्तकं घेऊन फिरते. भंगाराच्या दारापर्यंत जाऊन परत आलेल्या बसची ही गोष्ट आहे. रडगाणं नाही बरं का. आम्ही दोघी जिंकलो, ते सांगायला बसलेय.

माझा जन्म न्यूझीलंडमधला. आधी मी शाळेची बस होते. मग तिथल्या जिल्हा परिषदेनं मला फिरत्या वाचनालयासाठी घेतलं, माझी बाकं उपटली आणि दोन्ही अंगांना फळ्या ठोकल्या. एकच लांब बाक ठेवलं. बाकाची गादी उचलली की खाली पेटीसारखी जागा, माझ्या अख्ख्या अंगातली सगळ्यात कोरडी. ती जागा ध्यानात ठेवा.

किनाऱ्यालगतची मेंढ्यांची कुरणं, दोन-दोन घरांच्या वस्त्या, सगळीकडे माझे थांबे. म्हाताऱ्या बायांना खुनाच्या गोष्टी लागायच्या, जेवढे मुडदे जास्त तेवढ्या त्या खूश. मेंढ्यांची लोकर कातरणारा हेनारे, दारातून वाकून आत येणारा धिप्पाड गडी, प्रेमकथा न्यायचा आणि टोपीखाली लपवायचा. फेजोआ नावाची आंबटगोड फळं पिकली की लोक माझ्या पायरीवर बादलीभर ठेवून जायचे. लाड म्हणतात ते हेच.

माझी ग्रंथपाल आणि माझी सारथी एकच, ग्लेनिस टलक. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि चालवताना माझ्याशी अखंड बडबड. तिच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मला सगळं ठाऊक.

आमच्याकडे ग्रंथपाल एकदा झालं की जन्मभर झालं, असं नसतं. दर काही वर्षांनी ग्रंथपालांच्या संघटनेला दाखवावं लागतं की मधल्या काळात आपण नवं काय शिकलो आणि त्यानं कामात काय फरक पडला. नाही दाखवलं तर नोंदणीतून नाव जातं. ग्लेनिस दर वेळी कुरकुरायची, इतकी वर्षं पुस्तकं वाटतेय, आता माझी कसली परीक्षा घेतात म्हणून. मला हसू यायचं. मला दर सहा महिन्यांनी तपासणीला नेतात. ब्रेक, दिवे, चाकं, सगळं ठोकून बघतात आणि मगच काचेवर कागद चिकटवतात. मी कधी म्हटलं का, की इतकी वर्षं धावतेय, आता माझे ब्रेक कसले बघता?

त्या वर्षी ग्लेनिसनं संघटनेला पाठवलेलं लिखाण परत आलं. त्यात एक भाग माओरी लोकांच्या ज्ञानाचा असतो, म्हणजे ज्यांची ही भूमी आधीपासूनची, त्यांच्या रीतींचा. तिथं तिनं लिहिलं होतं, एका दिवसाच्या कार्यशाळेला गेले, फार उपयोग झाला. पी हळद अन् हो गोरी. तपासणाऱ्या बाईंनी नम्रपणे विचारलं होतं, त्यानंतर तुमच्या बसमध्ये काय बदललं?

ग्लेनिसच्या अंगाचा तिळपापड झाला. "बसमध्ये काय बदललं म्हणे," ती गिअर टाकत म्हणाली. "टायर बदलले, लिहू का?"

दुसऱ्या दिवशी परिषदेचे साहेब आले. मरे प्रेंटिस त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हे, पण आला की बाकावर ऐसपैस बसायचा आणि बिस्किटांचा चुरा सांडायचा. त्यानं सरळ सांगितलं की गाडी नोंदणी असलेल्या ग्रंथपालाच्या नावावर चालते. तिचं नाव गेलं तर वरचे लोक गावोगावी पुस्तकांचं एकेक कपाट ठेवतील आणि मला लिलावात काढतील. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेली एक बस आता कोंबड्यांचं खुराडं झालीय. आमच्या वाटेवरच दिसते. त्या दिवशी तिच्यासमोरून जाताना माझं इंजिन दोनदा बंद पडलं.

ग्लेनिस घाबरली. तिला एकच नाव सुचलं, नॅनी रिपेका.

नॅनी म्हणजे तिकडे आजी. नॅनी रिपेका मराएजवळ राहायची. मराए म्हणजे माओरी वस्तीचं सभाघर, अंगण आणि स्वयंपाकघर. एके काळी माझ्या पायरीवर पहिला पाय तिचा असायचा. मग ती यायची एकाएकी बंद झाली. रस्त्यात दिसली तर हात करायची, पण आत पाऊल नाही. ग्लेनिसनं तिच्या दारापर्यंत पुस्तकं पाठवली, ती न उघडता परत आली. कुठं पाणी मुरतंय ते काही कळेना.

आता ग्लेनिस स्वतः तिच्याकडे गेली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं सांगून टाकलं, की नोंदणी धोक्यात आहे, मला काहीतरी शिकवा, लिहून द्यायचंय.

नॅनीनं तिच्याकडे नीट बघितलं. "लिहून द्यायला मी काय शिकवू, पोरी? शनिवारी लग्न आहे. भांड्यांचा ढीग पडेल. ये."

ती गेली. मग दर शनिवारी जात राहिली, आणि मी फाटकाशी उभी. एकदा तिनं ताटं पुसायची फडकी आणि फरशी पुसायची फडकी एकाच बादलीत भिजवली. सगळ्यांचे हात थांबले. जेवणाचं ते जेवणाचं, जमिनीचं ते जमिनीचं, दोन्ही एकत्र होत नाही. कुणी रागावलं नाही. सगळी बादली ओतून दिली, नवी फडकी काढली आणि ग्लेनिसला बटाटे सोलायला बसवलं. परतताना ती मला म्हणाली की शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि मग तो दिवस उजाडला. सभाघरातल्या गाद्या-उशा ऊन दाखवायला ओसरीवर काढल्या होत्या. मला फाटकातून सगळं दिसत होतं. गाद्या वाहून वाहून ग्लेनिस दमली आणि जवळच्या उशीवर बसायला वाकली. नॅनीनं तिच्या खालून उशी अलगद काढून घेतली.

"जिथं डोकं टेकतो तिथं बूड टेकायचं नाही, पोरी. डोकं पवित्र असतं."

ग्लेनिस वाकलेलीच राहिली. मग ती एकदम धावत माझ्याकडे आली. आत चढली आणि तिनं बाकाची गादी उचलली.

खाली एक पेटी होती, आणि तिच्यात त्या खोऱ्यातल्या माओरी घराण्यांच्या वंशावळी आणि पूर्वजांचे फोटो. लोकांनीच विश्वासानं आमच्याकडे दिलेले, की नातवंडांनी बघावेत. छत ठिबकतं म्हणून ग्लेनिसनं ते सगळ्यात कोरड्या जागी ठेवले होते, फार जपून. आणि त्या जागेवर येणारा-जाणारा प्रत्येक जण बसत होता. बसमध्ये काय बदलायला हवं ते शोधायला ती खोरंभर हिंडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नॅनी मागून येऊन पायरीशी थांबली.

"मी कोरडी जागा बघून ठेवलं होतं, नॅनी." ग्लेनिस म्हणाली.

"माहीत आहे मला. म्हणून तर भांडले नाही." नॅनीनं बाकाकडे हनुवटी केली. "पण माझ्या आजीच्या डोक्यावर तो मरे बसून बिस्किटं खात होता. ते मला बघवेना."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू सारखी विचारायचीस, नॅनी, कुठलं पुस्तक देऊ? तुमचं हे कसं ठेवू, असं कधी विचारलंस?"

ग्लेनिस रडली. माझ्या त्याच बाकाजवळ, जमिनीवर बसून रडली, आणि मित्रांनो, मलाही फार लाज वाटली. शेवटी जागा माझीच ना.

पण रडून झाल्यावर तिनं पहिल्यांदा नीट प्रश्न विचारला. कसं ठेवू? नॅनीनं सांगितलं आणि हेनारेनं टोटारा झाडाच्या जुन्या लाकडाची फळी करून दिली. लोकर कातरणारे ते हात, फळी अशी गुळगुळीत तासली की त्यावरून माशी घसरावी. माझं ठिबकणारं छतही त्यानंच बुजवलं. फळी सगळ्या पुस्तकांच्या वर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर बसली. तिच्याजवळ खाणं नाही. दाराशी हात धुवायला पाणी. पेटी वर चढवताना नॅनीनं प्रार्थना म्हटली आणि अख्खी वस्ती माझ्याभोवती उभी राहिली. इतका मान मला नवी होते तेव्हाही मिळाला नव्हता.

राहिलं लिहायचं. मरेला कळलं तेव्हा तो गडबडला, कारण बसणाऱ्यांत तोही होता. त्यानं नॅनीची माफी मागितली आणि ग्लेनिसला मनापासून सल्ला दिला की फळीचं लिही, बाकाचं लिहू नकोस. स्वतःच्या हातानं चूक लिहून दिलीस तर नाव काढूनच टाकतील.

ग्लेनिस दोन दिवस थांब्याथांब्यावर कागद काढायची आणि तसाच परत ठेवायची. तिसऱ्या दिवशी खुराड्यासमोर तिनं मला थांबवलं. "बाकाचं नाही लिहिलं," ती म्हणाली, "तर पुन्हा कार्यशाळेला गेले, फार उपयोग झाला, एवढंच लिहिल्यासारखं होईल." आणि तिथंच, स्टिअरिंगवर कागद ठेवून, तिनं सगळं लिहिलं. काय चुकलं, का चुकलं, कुणी शिकवलं, आता काय बदललं. नॅनीला वाचून दाखवलं आणि तिनं हो म्हटल्यावरच पाठवलं.

उत्तर आलं ते मराएच्या थांब्यावर. मरेच घेऊन आला होता. ग्लेनिसनं पाकीट तसंच नॅनीच्या हाती दिलं आणि नॅनीनं मोठ्यानं वाचलं. नोंदणी कायम. आणि खाली त्या बाईंनी विनंती केली होती, की आमच्याकडच्या तरुण ग्रंथपालांना ही बस बघायला पाठवू का?

हेनारेनं ग्लेनिसला उचलून घेतलं, तर टोपीतली प्रेमकथा सगळ्यांसमोर खाली पडली. हशा असा उसळला की कुरणातल्या मेंढ्या पळाल्या. मरेनं हातातलं बिस्किट आधी बाहेर उभं राहून संपवलं, हात धुतले आणि मगच तो आत आला. आणि त्याच्या पुढून, काठी टेकत, नॅनी रिपेका माझी पायरी चढली. वर फळीकडे बघून तिनं आजीला नमस्कार केला. मग खुशाल बाकावर बसली आणि म्हणाली, "हं, आता सांग. कुठलं पुस्तक देतेस?"

मित्रांनो, तरुण ग्रंथपाल आता खरंच येतात. ग्लेनिस त्यांना आधी बाक दाखवते, मग फळी. आणि कुरकुर तिनं सोडलीय. माझ्या तपासणीचा कागद पुढच्या काचेवर असतो ना, त्याच्या शेजारीच तिनं आपल्या नोंदणीचा कागद चिकटवलाय. ऊन आलं की दोन्ही कागद एकदम चमकतात.

तुमच्या गावातल्या जुन्या गाड्यांना आणि पुस्तकांना जपा, एवढंच मागणं आहे. पण जपायच्या आधी एकदा विचारा, कसं जपू? जपण्यात ग्लेनिस कधीच कमी पडली नव्हती. विचारायला शिकली, तेव्हा नॅनी परत आली.

चला, चावी फिरली. पुढच्या थांब्यावर म्हाताऱ्या बाया मुडद्यांची वाट बघत असतील.