मशीनवरचा फोन

मंठ्यातल्या साधनाच्या शिवणक्लासात बारा बायका यायच्या. त्यातली रेणुका मशीनवर बसली की आधी फोन कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून उभा करायची. मग सारं लक्ष तिकडं. मध्येच हसायची, हळूच काहीतरी बोलायची. टीप वाकडी जायची.

"नवरा तिकडं पुण्याला कंपनीत, अन् हिचं इथं काय चाललंय देवाला ठाऊक," उषाबाई बाकीच्या बायकांना म्हणायच्या. साधनानं त्यांना कधी गप्प केलं नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

त्या मंगळवारी साधना फळ्यावर ब्लाउजची मापं काढत होती. मागून रेणुकाचा आवाज आला, "इथंच हाय मी. बसा बरं."

साधनाचं डोकं फिरलं. तिनं फोन उचलला, स्क्रीनकडं न बघताच बंद केला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "क्लास सुटल्यावर मिळेल."

रेणुका ताडकन उभी राहिली. "मॅडम, बंद नका करू. आत्याबाई एकल्याच हायेत घरी."

"कोण आत्याबाई?"

"सासू माझी. त्यांच्या काही ध्यानात राहत न्हाई. फोनमधी मी दिसले की बसून राहतात. न्हाई दिसले की हुडकत निघतात. मागं पार बाजारात गेल्त्या."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हनल्या असत्या, मंग घरीच राहा. मला शिकायचं होतं, मॅडम."

एवढं बोलून ती बाहेर पळालीच. साधनानं घाईघाईनं फोन काढला, परत लावला. नुसती रिंग वाजत राहिली. तिनं स्कूटी काढली आणि रेणुकाला वाटेत मागं बसवलं.

घराचं दार सताड उघडं होतं. आत कोणी नव्हतं.

दोन गल्ल्या पलीकडं, पिठाच्या गिरणीसमोर रेणुकाच्या सासूबाई, गोपिकाबाई, भर उन्हात अनवाणी उभ्या होत्या. गिरणीवाल्याला विचारत होत्या, "माझी रेणी पाहिली का? शाळंतून आली न्हाई आजून."

रेणुकानं धावत जाऊन त्यांचे हात धरले. "हे काय, आले की मी." मग खाली वाकून तिनं आपल्या चपला त्यांच्या पायात घातल्या.

म्हातारीनं पदरानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला. "उनातून आली माय. चल, पाणी पी."

साधना स्कूटीजवळच थबकली होती. पुढं होऊन म्हणाली, "रेणुका, माझं चुकलं. मी आधी विचारायला पाहिजे होतं."

"तुम्हाला तरी काय म्हाईत, मॅडम," रेणुका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून क्लासात खिडकीजवळ सतरंजी पडली. रेणुका येताना सासूला बरोबर आणू लागली. चुकलेली शिवण उसवायचं काम गोपिकाबाईंकडं आलं. सुईच्या टोकानं एकेक टाका त्या इतका अलगद काढायच्या की कापडाला ओरखडा नाही. फक्त चुकलेलं कोणतं अन् बरोबर कोणतं, हे त्यांना कळायचं नाही. शनिवारी त्यांनी उषाबाईंनी नीट शिवलेला ब्लाउजचा गळा सगळा उसवून ठेवला.

उषाबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"लई सफाईनं काढलं हो, आत्याबाई," त्या म्हणाल्या आणि गळा पुन्हा शिवायला बसल्या.