डाव्या बाजूने सांगितलेलं

डोंबिवलीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर नीलाने मोडी लिपीच्या ऑनलाइन वर्गाला नाव घातलं आणि तिथे तिची गुरुदत्त शेवड्यांशी ओळख झाली. ते कराडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नीलाच्या नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्यांच्या बायकोला पाच. आधी अडलेल्या अक्षरांसाठी फोन व्हायचे, मग वर्ग संपला तरी फोन चालू राहिले. रोज संध्याकाळी सातला, गेली दोन वर्षं. प्रत्यक्ष भेट मात्र एकदाच झाली होती, पुण्यात वर्गाच्या स्नेहसंमेलनात, तीही पन्नास माणसांच्या गलक्यात.

दिवाळीनंतर गुरुदत्तांनी सुचवलं, की कुठेतरी दोन दिवस निवांत भेटू या. थोडं बोलायचंही आहे, फोनवर नको. गुहागरला तिच्याकडून आणि त्यांच्याकडून, दोन्हीकडून चिपळूणमार्गे जाता येतं, तर तिथेच जाऊ.

नीला हो म्हणाली आणि मग तिला घोर लागला. काय बोलायचंय ते तिने ओळखलं होतं. पण तिला पुन्हा लग्न नको होतं. घरात सासरे होते, अण्णा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. नवरा गेल्यावर दोघांनी मिळूनच ते घर सांभाळलं होतं. शिवाय तिला आपला एकटेपणा आता अंगाला बसल्यासारखा झाला होता. पहाटेचा चहा, वाचन, मनात येईल तेव्हा जेवण. पण नाही म्हटलं तर सातचा फोन बंद होईल, आणि तो तर तिला हवा होता.

माजिवड्याहून मुलगा सलिल आणि सून अंतरा अण्णांपाशी राहायला आले. कुणाबरोबर जातेय हे नीलाने सलिलला अण्णांसमोरच सरळ सांगून टाकलं. तो म्हणाला, जा तू, इथलं आम्ही बघतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानेच तिला गाडीने ठाण्याला नेऊन चिपळूणच्या एसटीत बसवलं. अण्णांनी मात्र निघताना नमस्कार केला तेव्हा नुसता डोक्यावर हात ठेवला होता.

चिपळूणच्या स्टँडवर गुरुदत्त छत्री आणि छोटी बॅग घेऊन उभे होते. फोनवरच्या आवाजापेक्षा माणूस जरा बुटका होता. गुहागरच्या एसटीत दोघं शेजारी बसले, पण खिडक्यांचा खडखडाट इतका होता की बोलणं जमलं नाही.

गुहागर म्हणजे एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्याची घरं, मागे नारळी-पोफळीच्या बागा आणि त्यामागे समुद्र. सुमतीबाई नावाच्या बाईंनी आपल्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना ठेवल्या होत्या. त्यांतल्या दोन ह्यांनी घेतल्या होत्या. सुमतीबाईंनी नावं लिहून घेतली, नातं विचारलं नाही. नीलाला तेवढ्यानेही बरं वाटलं.

ऊन उतरल्यावर दोघं किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती. सुरूच्या झाडांकडे पाठ करून ते उत्तरेला चालू लागले, गुरुदत्त किनाऱ्याच्या अंगाने आणि नीला समुद्राच्या अंगाने, त्यांच्या डाव्या हाताला. वारा भन्नाट होता. त्यांनी विषय काढायच्या आधी आपणच बोलून टाकावं असं तिने ठरवलं. पाण्याकडे बघत तिने एका दमात सगळं सांगितलं. लग्न नको. डोंबिवली सोडवणार नाही, अण्णांना सोडवणार नाही. पण तुमचा फोन आला नाही तर दिवस पुरा झाल्यासारखा वाटत नाही, हेही खरं आहे.

बोलून झाल्यावर ती थांबली. गुरुदत्त दहा-बारा पावलं नुसते चालत राहिले. मग म्हणाले, "सुमतीबाई उद्या घावन करणार आहेत म्हणे. तुम्हाला चालतात ना?"

नीला 'चालतात' म्हणाली.

जेवताना ती खाली मान घालून जेवली. ते काहीबाही बोलत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. आपण दोन वर्षं ज्या माणसाला समजूतदार समजलो त्याने आपलं बोलणं असं वाऱ्यावर सोडावं? रागवला असता तर परवडलं असतं. सकाळी उठल्यावर तिने बॅग भरली. नऊच्या एसटीने परत जायचं तिचं पक्कं झालं होतं.

ती बाहेर आली तर गुरुदत्त अंगणातल्या बाकावर पेपर वाचत बसले होते. सुमतीबाई चहा घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. "चहा घ्या" म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हणाल्या. पेपर हलला नाही. शेवटी त्या वळसा घालून पुढे आल्या, तेव्हा ते दचकून उठले आणि माफी मागू लागले.

नीला दारातच थबकली. मग जाऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसली.

"काल किनाऱ्यावर मी तुम्हाला काय सांगितलं?"

गुरुदत्तांनी पेपराची घडी घातली. चेहरा पार पडला होता. "शब्दही कळला नाही," ते म्हणाले. "डाव्या कानाने मला येत नाही ऐकू. त्यात तो वारा. अण्णा एवढंच कानावर आलं, तेव्हा वाटलं घरचं काही सांगताय. पुन्हा विचारायची लाज वाटली."

कानाचं मशीन बॅगेत होतं. ते लावून तिच्यासमोर यायला त्यांचं मन धजलं नव्हतं. फोन ते नेहमी उजव्या कानाला लावत, त्यामुळे आजवर काही कळायचा प्रश्नच आला नव्हता.

नीलाला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मात्र आता सगळं पुन्हा सांगणं आलं, आणि समुद्राकडे बघत सांगणं सोपं होतं. तरी तिने सांगितलं, सावकाश, त्यांच्याकडे बघून. फोनचंही वगळलं नाही.

गुरुदत्तांनी चहाचा कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, "खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटतंय."

ते लग्नाचं विचारायलाच आले होते. बहीण मागे लागली होती, की दोन वर्षं एका बाईशी रोज बोलतोस आणि पुढचं काही विचारत नाहीस, हे बरं नव्हे. त्यांनाही वाटलं, नीला वाट बघत असेल. पण कराडचं घर, नदीकाठचं फिरणं, आपल्या वेळा, आपला पसारा, यातलं काही हलवायची कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. आठवडाभर त्यांनाही हाच घोर लागला होता.

नीलाला क्षणभर रागच आला. इतकं सुटल्यासारखं वाटायला काय झालं? मग तिला जाणवलं, की आपले खांदेही केव्हाचे सैल पडलेत. ती आत गेली, बॅगेतले कपडे पुन्हा खुंटीवर टांगले आणि घावन खायला बाहेर आली. चार खाल्ले.

मग तो सगळा दिवस त्यांचा होता. देवळात गेले, बाजारातून कोकमं घेतली, दुपारी ओटीवर डुलक्या काढल्या. संध्याकाळी मशीन लावून गुरुदत्त फिरायला आले आणि लाटांचा आवाज डोक्यात घुसतो म्हणून पाचच मिनिटांत त्यांनी ते काढलं. नीला आपली त्यांच्या उजवीकडून चालत राहिली. दर दोन महिन्यांनी असं कुठेतरी भेटायचं, हे बोलता बोलताच ठरलं. चिपळूणच्या स्टँडवर निरोप घेताना दोघांनाही जड वाटलं, पण घोर नव्हता.

घरी पोचल्यावर अण्णा गॅलरीत बसलेले दिसले. सलिल-अंतरा निघून गेल्यावर ते म्हणाले, "सलिलच्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत, असं अंतरा सांगत होती. मला तिथे अडचण होणार नाही."

नीलाला आधी उमगलं नाही. मग कळलं, की हे दोन दिवस म्हातारा मनातल्या मनात आपलं सामान बांधत होता.

ती त्यांच्यापाशी बसली. कराडला जायचं नाही, लग्न करायचं नाही आणि शेवडे माझे मित्र आहेत, तसेच राहणार आहेत, असं तिने त्यांना सांगितलं.

"मी आडवा आलो नसतो," अण्णा म्हणाले.

"मला ठाऊक आहे."

अण्णांनी मान हलवली. जरा वेळाने त्यांनी विचारलं, रात्रीला काय करणार आहेस. नीला म्हणाली, मुगाची खिचडी. त्यावर पापड भाज, म्हणाले, दोन दिवस जेवणात काही चव नव्हती.