ठकीच्या डोळ्यावरची पट्टी

माझी भाची ठकी सहा वर्षांची. तिचा डावा डोळा आळशी, म्हणून चांगल्या उजव्या डोळ्यावर दिवसभर पट्टी चिकटवायची, म्हणजे डावा झक मारत कामाला लागतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हे या वयात जमलं तर जमलं. नाहीतर त्या डोळ्याला जन्मभर अंधुकच दिसणार. माझं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे हे मला कोणी वेगळं समजावायला नको.

आणि एक कार्टं, ठकीपेक्षा हातभर उंच, रोज शाळेच्या फाटकात तिची पट्टी ओढून काढायचं. टर्रकन! भुवईचे केससुद्धा निघून यायचे. ठकी दुखरा डोळा हाताने दाबून पळायची, आणि एरवी पट्टी असताना त्याच्या मागून सगळी पोरं 'काणी आली, काणी आली' म्हणत नाचायची. त्यांच्या बाईंना जाऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "लहान मुलं आहेत, चालायचंच." चालायचंच? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ माझा गरीब गाय. म्हणाला, "ताई, जाऊ दे." मी कशाला जाऊ देते!

परवा तेच कार्टं आईचा हात धरून माझ्याच दुकानात आलं. शाळा नुकतीच सुटलेली.

"फळ्यावरचं दिसत नाही म्हणतो हो," आई म्हणाली. "जरा नंबर काढून द्या."

ठकी काउंटरमागे चित्र रंगवत बसली होती. त्याला बघताच ती स्टुलाआड दडली. मी म्हटलं, या राजे, बरे तावडीत सापडलात.

तपासायची खुर्ची एरवी आतल्या खोलीत असते. मी ती ओढत बाहेर आणली आणि अक्षरांचा तक्ता दाराला टांगला, म्हणजे स्वारीचं तोंड रस्त्याकडच्या काचेला. "इथे उजेड चांगला आहे," मी त्याच्या आईला सांगितलं. शुद्ध थाप. तिला आतल्या कपाटातल्या फ्रेमी बघायला पाठवलं. मग तपासणीची ती जाड, गोल, लोखंडी फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि एका डोळ्यापुढे काळी चकती सरकवली.

दोन मिनिटांचं काम, पण मी चांगलं लांबवलं. भिंग घाल, काढ, पूस, पुन्हा घाल.

"वाच बाळा, मोठ्याने वाच. नाही दिसत? अरेरे!"

घरी चाललेली पोरं काचेशी थांबली. आधी दोघं, मग हा घोळका. "काण्या! अरे, काण्या बघ!" त्याच्या मागे नाचणारीच सगळ्यात जोरात ओरडत होती. त्याने फ्रेम काढायला हात वर नेला. मी तो गच्च धरून खाली ठेवला.

"हलायचं नाही हं. नंबर चुकेल."

त्याची हनुवटी थरथरायला लागली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खोटं कशाला बोलू, माझ्या जिवाला इतकं गार वाटलं! रड लेका, म्हटलं मनात, अजून रड.

"ठके, ये गं बाहेर!" मी हाक मारली. "बघ, बघ याची कशी जिरली!"

ठकी आली. नीट दिसावं म्हणून तिने पट्टीची एक कड सोलली आणि चांगला डोळा उघडा केला. पण त्या कार्ट्याकडे तिने एकदाच पाहिलं. मग ती काचेकडे वळली. तिथे नाकं चेपलेली, जिभा बाहेर काढलेली, दात विचकणारी तोंडं होती. ती एकेक तोंड बघत राहिली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "पट्टी असली की मला यांची तोंडं दिसायचीच नाहीत. मला वाटायचं, खेळतायत."

मी धावत जाऊन काचेवरचा पडदा ओढला.

"माझ्याकडे बघून पण अशीच तोंडं करतात?"

मी पुढे होऊन तिच्या पट्टीची सोललेली कड परत चिकटवायला गेले. तिने उरलेली पट्टी सोलून काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"मी नाही लावणार आता," ती म्हणाली.