ओव्हिड काय म्हणाला

ओव्हिड सोनियेला झटका आला तो अकॉर्डियन मांडीवर असतानाच. उजवं अंग लुळं पडलं आणि जिभेवरचं इंग्रजी गेलं. फ्रेंच तेवढं उरलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी; लहानपणची भाषा टिकते.

घरात मोठीच पंचाईत झाली. त्याची मुलगी वेल्मा आणि तिचा धाकटा भाऊ डॅल्टन तीस वर्षं बापाबरोबर वाजवत आले होते. ती गिटार वाजवून गायची, तो फिडल वाजवायचा. शनिवारी सकाळी गावच्या हॉलमध्ये सोनियेंचा बँड ठरलेला, आणि गाणी सगळी फ्रेंच. पण गाणी पाठ होती, एवढंच. तहान, उशी, दुखतंय, याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. लुइझियानातल्या शाळेत फ्रेंच बोलला म्हणून लहानग्या ओव्हिडला बाईंनी तांदळाच्या दाण्यांवर गुडघे टेकवून बसवलं होतं. आपल्या पोरांवर ती पाळी नको म्हणून तो घरात जन्मभर मोडकंतोडकं इंग्रजीच बोलला.

आता त्याची बहीण आझेमा काठी टेकत आली, तरच घरात बोलणं व्हायचं.

"काय म्हणतायत गं आत्या?"

"म्हणतो, गम्बोचं कालवण अळणी झालंय. आणि तुझी गिटार उतरलीय, आतपर्यंत ऐकू येतं."

ओव्हिड डाव्या गालाने हसायचा.

अकॉर्डियनशिवाय बँड कसला? शेवटी डॅल्टनने ते हातात घेतलं. बापाने त्याला कधी शिवू दिलं नव्हतं. "तू आपलं फिडल घास," म्हणायचा. एका गुरुवारी दुपारी तो बाहेर व्हरांड्यात बापाचा जुना वॉल्ट्झ बसवत होता. पापांना झोप लागावी म्हणून वेल्माने खोलीची खिडकी लावून घेतली होती. आझेमा डोळे तपासायला शहरात गेली होती. डॅल्टन दोनदा चुकला. तिसऱ्यांदा सूर जुळत आले, तोच आतून ओव्हिड ओरडायला लागला.

वेल्मा धावली. तो डाव्या हाताने पलंगाची कड बडवत होता, चेहरा लालबुंद.

"काय हवंय पापा? पाणी? पांघरूण?"

तो तेच तेच म्हणत राहिला. डॅल्टन दारात येऊन उभा राहिला.

"माझं वाजवणं सहन होत नाहीये त्यांना," तो म्हणाला. "समजलं मला." त्याने अकॉर्डियन पेटीत घालून झाकण लावलं. ओव्हिड गप्प झाला. वेल्माने त्याच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातलं. शुक्रवारी पहाटे तो गेला.

माती देऊन आल्यावर आझेमा स्वयंपाकघरात भात वाढत होती. वेल्मा तिच्याशेजारी उभी राहिली आणि ते वाक्य जसंच्या तसं म्हणाली. अर्थ न कळता ऐकून पाठ करण्यातच तिचा जन्म गेला होता. मधली धापसुद्धा तिने सोडली नाही.

आझेमाचा डाव थांबला. "परत म्हण."

वेल्माने परत म्हटलं.

"म्हणाला, खिडकी उघड," आझेमाने सांगितलं. "पोरगं वाजवतंय. त्याला म्हणावं, थांबू नको."

डॅल्टन घरामागे पातेली घासत होता. वेल्माने त्याला सांगितलं, काही न वगळता. त्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"आणि मी थांबलो."

"खिडकी मी लावली होती, डॅल्टन."

"हो," तो म्हणाला. "दोघांनी मिळून केलं."

पुढच्या शनिवारी ते हॉलमध्ये गेले. डॅल्टनने वॉल्ट्झ सुरू केला, म्हातारी जोडपी नाचायला उठली. गाणं संपलं, पण तो थांबेना. पुन्हा पहिल्यापासून धरलं, मग पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अकॉर्डियनचा भाता चालूच होता. नाचणारे एकेक करून खाली बसले. वेल्माचा आवाज बसला तरी ती साथ देत राहिली.

अखेर आझेमा काठी टेकत मंचावर चढली. तिने डॅल्टनच्या मनगटावर हात ठेवला आणि फ्रेंचमध्ये हळूच काहीतरी म्हणाली. भाता मिटला. डॅल्टनने बहिणीकडे पाहिलं. तिलाही कळलं नव्हतं.