पहिला नंबर कुणाचा?

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटमापी आहे. नाव भारदस्त, काम साधं. ज्योतीत पाण्याचा तुषार सोडला की मी उजेडाचा रंग पाहतो आणि त्यात मीठ किती, ते तांबड्या आकड्यांत सांगतो. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे का, कोण जाणे. पण एक दिवस आठवला की अजून हसू येतं.

१९७८ साली मी दौंडच्या एका छोट्या प्रयोगशाळेत नवा होतो. वरवंडहून धुरपदाबाई आणि रंगुबाई या दोघी जावा आपापल्या विहिरीचं पाणी घेऊन आल्या. रंगुबाईंची शेवंतीची रोपं लावणीला आली होती. पाणी फार खारं निघालं, तर ती जळून जाणार होती.

धुरपदाबाईंचं पाणी तपासलं. मी दाखवलं, ९९९.

"हजारात एकच कमी! माज्या पान्याचा पहिला नंबर!" त्या हरखल्या.

मग रंगुबाईंचं पाणी. पुन्हा ९९९!

"आगं, तुज्या पान्यात डाळ शिजत न्हाई, आन् तुजाबी पहिला?"

"मग तुमच्यात काय साखर हाय व्हय, जाऊबाई?"

प्रयोगशाळेच्या चांगदेव साहेबांनी माझी नजर कमी-जास्त करायचं बटण पार उतरवलं. आकडा हलेना. मला वाटलं, आता आपली रवानगी माळ्यावर! खरं तर मला मंद उजेड टिपायची सवय. एवढ्या मिठाच्या लख्ख उजेडाने माझा डोळाच दिपला होता.

साहेब थबकले. "दोन वेगळ्या विहिरींचं पाणी आणि आकडा एकच? मावशी, भरलेल्या पायलीत धान्य ओतत राहिलं तर पायली काय सांगेल?"

"भरली म्हनंल. सांडल्यालं तिला काय ठावं?"

"याचंही तेच झालंय!"

त्यांनी एक माप विहिरीचं पाणी घेतलं आणि खळ्यावर धान्य मोजतात तसं 'एक'ऐवजी 'लाभ' म्हणत त्यात नऊ मापं शुद्ध पाणी घालू लागले, "लाभ, दोन, तीन..."

"सायेब खळ्यावरच हायेत म्हना!" दोघी खिदळल्या.

दहापट पातळ झालेल्या पाण्यावर माझा डोळा निवला. धुरपदाबाईंचं १४०, रंगुबाईंचं ७२०. साहेबांनी दोन्ही आकडे दहाने गुणले आणि मान हलवली. मीठ जितकं कमी तितकं पाणी चांगलं; धुरपदाबाईंचं शेवंतीला चालणार होतं, रंगुबाईंचं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"रडतीस कशाला? माज्या हिरीवरनं पाट काढ," धुरपदाबाई म्हणाल्या. "पर पहिला नंबर माजाच!"

"घ्या तुमचा नंबर! मला पानी द्या म्हंजी झालं."

थंडीत त्या दोघी टोपलीभर पिवळी शेवंती घेऊन आल्या आणि माझ्या गळ्यात हार पडला.

मित्रांनो, आता माझे आकडे पुसट झालेत. पण एखादं यंत्र टोकाला अडलं, तर लगेच माळ्यावर टाकू नका. आधी पाहा, त्याच्या पायलीत मावेल एवढंच आपण ओततोय ना?